डिस्क ड्राइव्हवाला कन्सोल घ्यावा का? माझं उत्तर: ड्राइव्ह घ्या, पण दिसेल ती डिस्क घेऊ नका

नवीन कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) घ्यायचा म्हटलं की हल्ली गेम कुठले घेऊ याच्या आधी हा प्रश्न येतो, ड्राइव्हवालं मॉडेल घेऊ, ज्यात डिस्क घालता येते, की डिजिटल, जिथे गेम फक्त डाउनलोड होतात? आणि विचारलं की दोन टोकाची माणसं भेटतात, एक म्हणतात डिस्क मेली, जुनी माणसं उगाच कवटाळून बसलीत, दुसरे म्हणतात डिजिटल म्हणजे हवेत पैसे घालणं. मी दोन्ही वापरतो, शेल्फवर डिस्कपण आहेत आणि लायब्ररीत डाउनलोड केलेले गेमपण ढीगभर आहेत, त्यामुळे जे अनुभवलंय आणि जे वाचून-तपासून कळलंय ते लिहितो. लांबलचक झालंय, चहा-बिहा घेऊन बसा.

आधी वस्तूबद्दल. सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन ५) नोव्हेंबर २०२० ला आला तेव्हा दोन मॉडेल होती, आत सगळं सेम, फक्त एकाला ड्राइव्ह आणि एकाला नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं वेगळं, सिरीज एक्सला ड्राइव्ह (२०२४ पासून त्याचंही एक बिनड्राइव्हचं मॉडेल आहे) आणि सिरीज एसला नाही, पण एस ताकदीनेच कमी आहे त्यामुळे तिथे नुसता ड्राइव्हचा हिशोब करून चालत नाही. मग २०२३ मध्ये स्लिम पीएस ५ आला त्यात ड्राइव्ह काढता-घालता येणारी झाली, आणि नोव्हेंबर २०२४ च्या पीएस ५ प्रो मध्ये तर बॉक्समध्ये ड्राइव्हच नाही, हवी तर वेगळी घ्या. म्हणजे जी गोष्ट कन्सोलचा भाग होती ती आता ॲक्सेसरी झाली. तर हा रिव्ह्यू त्या ॲक्सेसरीचा समजा.

ड्राइव्ह बसवायला काहीच लागत नाही, बाजूचं कव्हर काढायचं, ढकलायची, कव्हर परत लावायचं, झालं. फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, कन्सोल त्या ड्राइव्हची नोंद करून घेतो, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही, कारण नेटशिवाय खेळता यावं म्हणून माणूस डिस्क घेतो आणि ती वाचणाऱ्या यंत्रालाच आधी नेट दाखवायचं. एकदा जोडली की मग परत काही विचारत नाही. आवाज म्हणाल तर इन्स्टॉल होताना घरघर होते, नंतर शांत, मधेच कधीतरी उगाच एकदा गरगरून घेते. बाकी यंत्र म्हणून तक्रार नाही.

आता एक गैरसमज काढून टाकू कारण दर दोन दिवसांनी कोणीतरी हेच विचारतं. डिस्क घेतली म्हणून स्टोरेज वाचत नाही!! पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स वन, सिरीज एक्स, सगळीकडे गेम डिस्कवरून आत कॉपी होतो आणि तिथूनच चालतो, डिस्क आत ठेवायची ती फक्त पुरावा म्हणून, की बाबा माझ्याकडे आहे. पहिल्या पीएस ५ मध्ये ८२५ जीबी लिहिलंय आणि वापरायला साधारण ६६७ जीबी मिळतात, त्यात डिस्कवाला गेमही तेवढीच जागा खातो जेवढी डाउनलोडवाला. लोडिंगचा स्पीडही सेम. डिस्कने वाचतो तो डेटा, म्हणजे ८०-९० जीबीचा गेम काढून टाकला आणि सहा महिन्यांनी परत घातला तर तो नेटवरून न येता डिस्कवरून येतो, अपडेट मात्र तरीही उतरवावे लागतात. ज्यांच्याकडे नेट स्लो आहे किंवा महिन्याला डेटाची लिमिट आहे त्यांच्यासाठी एवढं एक कारणही पुरे आहे.

पण इथेच खरी गोची आहे. डिस्कवर गेम असतो का?

बहुतेक वेळा असतो. पीएस ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत माल घेते, पीएस ४ ची ५० जीबीपर्यंत, आणि त्यात मावला नाही तर प्रामाणिक कंपन्या दोन डिस्क देतात. रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) पीएस ४ वर दोन डिस्कवर आला, फायनल फँटसी ७ रीबर्थ (२०२४) पण दोन डिस्क, एक इन्स्टॉल करायला आणि एक खेळताना आत ठेवायला. असं असलं की घ्यायला मजा येते. आणि मग दुसऱ्या बाजूला कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २, २०२२ चा, त्याच्या पीएस ५ डिस्कवर किती माल निघाला, तर ७० एमबीच्या आसपास. एमबी हां, जीबी नाही. १०० जीबीची डिस्क आणि त्यावर ७० एमबी, बाकी सगळं डाउनलोड. २०२५ मध्ये डूम द डार्क एजेसने तोच प्रकार केला, ८५ एमबीच्या आसपास. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बॉक्स तसाच, किंमत तशीच, आत एक चकचकीत परवाना.

निन्टेन्डोने त्यांच्या स्विच २ कन्सोलसोबत (जून २०२५) याला अधिकृत नावच देऊन टाकलं, गेम-की कार्ड. कार्ड आहे, स्लॉटमध्ये जातं, पण त्यावर गेम नाही, कार्ड घातलं की गेम डाउनलोड करायचा आणि नंतर दर वेळी खेळताना कार्ड पण घालायचं. म्हणजे डाउनलोडचा वेळ पण द्या, जागा पण द्या आणि उठून कार्ड पण बदला, दोन्हीकडचे तोटे एकत्र. एवढं मात्र मान्य की बॉक्सवर पुढेच खाली पट्टीत स्पष्ट छापलेलं असतं, लपवाछपवी नाही, आणि हे कार्ड दुसऱ्याला विकता येतं जे डिजिटल गेमला जमत नाही. पण उद्या सर्व्हर बंद पडला की ते प्लास्टिकचा तुकडा. आणि कोणी म्हणेल की मोठा गेम कार्डवर मावतच नाही तर सायबरपंक २०७७ बघा, स्विच २ वर ६४ जीबीच्या कार्डवर पूर्ण दिलाय. मोठी कार्डं महाग पडतात म्हणून बाकीचे टाळतात, एवढंच आहे ते.

(स्विचच्या कार्डाला मुद्दाम कडू लेप असतो, डेनाटोनियम बेंझोएट नावाचं रसायन, लहान मुलांनी तोंडात घालून गिळू नये म्हणून. २०१७ मध्ये कन्सोल आल्या आल्या जगभरच्या मोठ्या माणसांनी ते चाटून बघितलं. मीही बघितलंय. नका बघू.)

तर मग ड्राइव्ह घ्या असं का म्हणतोय? लोक मालकी-मालकी करतात, तो मुद्दा आहेच, पण माझ्यासाठी पहिला मुद्दा सरळ व्यवहाराचा आहे. कथा असलेला सिंगल प्लेयर गेम माणूस एकदा खेळतो. संपला की डिस्क विकता येते, बदली करता येते, मित्राला देता येते (परत येईल याची गॅरंटी नाही, माझ्या दोन-तीन डिस्क आता त्यांच्याच झाल्यात). डिजिटल गेम संपला की तो तुमच्या लायब्ररीत पडून राहतो, कायमचा, न विकता येणारा. नवा गेम रिलीजच्या दिवशी घेतला, दोन-तीन आठवड्यात संपवला आणि विकला तर त्यातला बराचसा पैसा परत येतो, आणि मग पुढचा गेम त्यातच निघतो. वर्षाला तीन-चार मोठे गेम घेणाऱ्याचा ड्राइव्हचा खर्च असाच वसूल होतो, त्याला वेगळं गणित मांडायची गरज नाही.

आणि दुसरं, जे विकणाऱ्यांनाही नकोय आणि म्हणून आपल्याला हवंय, ते म्हणजे दुकानं अनेक असणं. कन्सोलवर डिजिटल म्हणजे एकच स्टोअर, ज्याने कन्सोल बनवला त्याचंच. पीएसवर आधी बाहेरच्या दुकानातून गेमचे डाउनलोड कोड तरी मिळायचे, सोनीने एप्रिल २०१९ पासून पूर्ण गेमचे कोड बाहेर विकणं बंद केलं, राहिले फक्त वॉलेटमध्ये पैसे भरायचे कार्ड. म्हणजे भाव ठरवणार एकच जण. डिस्कचं तसं नाही, दुकानदाराकडे माल पडून राहिला की तो त्याला काढायचाच असतो, जागा अडते, म्हणून तो भाव पाडतो. डिजिटल स्टोअरला कसली जागा अडतेय? तीन वर्षं जुना गेम तिथे पूर्ण किमतीत आरामात बसलेला दिसतो, मग एके दिवशी सेल लागतो आणि तो एकदम पाव किमतीत, दहा दिवसांनी परत पूर्ण किमतीत. सेल जबरदस्त असतात हे खरंय, मी पण तिथूनच भरपूर घेतलेत, पण ते त्यांच्या मर्जीवर आहेत, तुमच्या गरजेवर नाही. ड्राइव्ह नसली की त्या मर्जीला पर्यायच उरत नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सेकंडहँड बाजार कंपन्यांच्या डोळ्यात किती खुपतो हे बघायचं असेल तर मागे जाऊया. ईए या गेम कंपनीने २०१० मध्ये ऑनलाइन पास काढला होता, नव्या डिस्कसोबत कोड यायचा आणि सेकंडहँड घेतली तर ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे भरा, २०१३ मध्ये तो गुंडाळला. आणि त्याच २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनबद्दल सांगितलं की दर २४ तासांनी कन्सोलने नेटवर हजेरी लावायची आणि डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं येणार. लोकांनी असा काही गोंधळ घातला की जूनमध्येच सगळं मागे घ्यावं लागलं. सोनीने तेव्हा छोटासा व्हिडिओ टाकला होता, पीएस ४ चा गेम मित्राला कसा द्यायचा, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात बॉक्स देतो, संपला व्हिडिओ. गंमत बघा, तीच सोनी आज ड्राइव्ह वेगळी विकतेय.

बरं आता डिजिटलची बाजू, कारण ती कमी नाहीये आणि डिस्कवाले ती मुद्दाम सांगत नाहीत.

सगळ्यात मोठा फायदा लोक विसरतात तो म्हणजे घरात दोन कन्सोल असतील तर. पीएस ५ आणि एक्सबॉक्स दोन्हीवर एक कन्सोल तुमचा मुख्य म्हणून लावता येतो, त्यावर घरातलं कोणीही त्याच्या स्वतःच्या अकाउंटवरून तुमचे डिजिटल गेम खेळू शकतं, आणि तुम्ही दुसऱ्या कन्सोलवर तुमच्या अकाउंटने, एकाच वेळी, एकच गेम. दोन भावंडांना एकत्र को-ऑप खेळायचं असेल तर डिस्क दोन लागतील, डिजिटल एक. निन्टेन्डोने २०२५ पासून व्हर्च्युअल गेम कार्ड आणलंय, फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला गेम दोन आठवड्यांसाठी उसना द्यायचा, मुदत संपली की आपोआप परत येतो. माझ्या त्या दोन-तीन डिस्कना अशी सोय असती तर!

मग प्रीलोड, म्हणजे गेम आधीच उतरवून ठेवायचा आणि रात्री बारा वाजता सुरू. मग एका गेममधून दुसऱ्यात जाताना उठायचं नाही. ऐकायला फालतू वाटतं पण जो गेम आपण रोज अर्धा तास खेळतो, फुटबॉल म्हणा किंवा कुठलाही ऑनलाइन शूटर, तो डिस्कवर असणं खरंच वैताग आहे, दुसरा गेम खेळत असताना पटकन एक मॅच टाकू म्हटलं की डिस्क बदला. असा गेम मी कधीच डिस्कवर घेत नाही. आणि छोटे इंडी गेम (छोट्या स्वतंत्र टीमचे) तर बहुतेक डिजिटलच येतात, मोठेही कधीकधी, ॲलन वेक २ ऑक्टोबर २०२३ ला फक्त डिजिटल आला आणि डिस्कवर यायला एक वर्ष गेलं. लिमिटेड रन गेम्ससारख्या कंपन्या इंडी गेमच्या डिस्क-कार्डं छापतात पण त्या मर्यादित आणि उशिरा मिळतात, तो हौसेचा मामला आहे.

रिफंडचं मात्र जपून. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांची मुदत आहे पण गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की साधारणपणे हक्क गेला (गेमच बिघडलेला असेल तर वेगळं). म्हणून ऑटो डाउनलोड बंद करून ठेवा, विकत घेतल्या घेतल्या आपोआप उतरायला लागला की संपलं. डिस्क निदान आवडली नाही तर विकून मोकळं होता येतं.

आता स्टोअरमधून गेम गायब होण्याबद्दल. इथे लोक जरा जास्तच घाबरवतात म्हणून नीट सांगतो. गेम विक्रीतून काढला म्हणजे तुमच्याकडून काढून घेतला असं सहसा होत नाही. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला, गाड्या आणि गाण्यांची लायसन्स संपली की रेसिंग गेमचं हेच होतं, पण ज्यांनी घेतला होता त्यांना तो परत उतरवता येतो. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान, ईशॉप, मार्च २०२३ मध्ये बंद केलं, नवीन खरेदी बंद, घेतलेलं परत उतरवणं चालू ठेवलं. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर जुलै २०२४ ला बंद, तिथेही तसंच. पण ‘सहसा’ म्हणजे नेहमी नाही. पी.टी. नावाचा छोटा भयपट-गेम ऑगस्ट २०१४ ला पीएस ४ वर फुकट आला, २०१५ मध्ये असा काढला की परत डाउनलोडही बंद, ज्यांच्या कन्सोलमध्ये राहिला होता ते कन्सोल लोक चढ्या भावाने विकायला लागले. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने जाहीर केलं होतं की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले शो लोकांच्या लायब्ररीतून जाणार, बोंबाबोंब झाल्यावर ते थांबलं. ते गेम नव्हते, पण नियम तोच आहे, तुम्हाला मिळतं ते लायसन्स. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल माल विकताना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं.

नवीन घेणाऱ्याला मात्र फटका बसतोच. सायबरपंकचं डिसेंबर २०२० मध्ये काय झालं आठवतंय ना, इतका बगांनी भरलेला आला की सोनीने स्टोअरवरून काढून टाकला, जून २०२१ ला परत आला. ते सहा महिने पीएसवर तो नव्याने घ्यायचा तर डिस्कच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून सांगितलं की तिकडे २०१० च्या आधी आलेले ८७ टक्के गेम आता बाजारात नवे मिळतच नाहीत. म्हणजे जुना गेम हवा तर जुनी डिस्क-कॅसेट शोधा, नाहीतर विसरा.

आणि एक मला फार आवडणारा प्रकार, जीटीए ४. २०१८ मध्ये गाण्यांचे करार संपले म्हणून तो बनवणाऱ्या रॉकस्टारने अपडेट टाकून गेममधल्या रेडिओवरची बरीच गाणी काढली, रशियन स्टेशन तर जवळजवळ नवंच करून टाकलं. डिजिटल घेतलेल्यांना पर्याय नाही. पण ज्याच्याकडे जुनी डिस्क आहे आणि जो अपडेट न करता खेळतो, त्याच्या रेडिओवर अजून तीच गाणी वाजतात. डिस्कवर लिहिलेलं कोणी मागून पुसू शकत नाही, एवढं एकच खरं.

पण ऑनलाइन गेम असेल तर डिस्कची ही ताकद शून्य. द क्रू, युबिसॉफ्टचा, २०१४ चा गेम, सतत नेट लागायचं, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाले, डिजिटलवाले सगळे एकाच रांगेत बसले. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, विकलेले गेम असे निकामी करू नका म्हणणारी. सोनीचा ऑनलाइन शूटर कॉनकॉर्ड तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, रिफंड दिला म्हणून बरं. ग्रॅन टुरिस्मो ७ या रेसिंग गेममध्ये तर एकट्याने खेळतानाही सेव्ह करायला नेट लागतं, मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर दिवसभराहून जास्त बंद होते तेव्हा डिस्क हातात धरून लोक बसले होते. म्हणून अशा गेमची डिस्क घेताना ‘कायमची’ वगैरे विचार करू नका, विकता येते म्हणून घ्या आणि सर्व्हर असेपर्यंत विकूनही टाका.

डिस्क खराब होण्याची भीती मला फारशी वाटत नाही. आताच्या गेम डिस्क ब्लू-रे असतात, आणि ब्लू-रेवर डेटाचा थर वरच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून त्यावर कडक कोटिंग द्यावंच लागतं, आणि त्यामुळे ती डीव्हीडीसारखी बारीक-सारीक घासण्याने जात नाही. एक्सबॉक्स ३६० च्या डीव्हीडी, कन्सोल चालू असताना हलवला तर गोल चरा पडायचा, तो जमाना गेला. हाताळताना कडेला धरा, बॉक्समध्ये ठेवा, उन्हात नको, बास.

मग मार्क द्यायचे तर ड्राइव्हला ५ पैकी ४. एक मार्क कापला तो त्या पहिल्या वेळच्या नेटसाठी आणि पोकळ डिस्कांसाठी, ज्यात ड्राइव्हचा काही दोष नाही पण फटका तिलाच. फक्त फ्री-टू-प्ले म्हणजे फुकटच्या गेमवर आणि सबस्क्रिप्शनवरच खेळणार असाल तर ड्राइव्हशिवायचं घ्या, खुशाल घ्या. पण तुमच्याकडे पीएस ४ च्या डिस्क असतील तर विचारच करू नका, त्या ड्राइव्हशिवाय पीएस ५ वर चालणार नाहीत, आणि डिस्कवरून पीएस ५ आवृत्तीचा अपग्रेड मिळत असला तरी खेळताना तीच डिस्क आत लागते. ड्राइव्हवाला सिरीज एक्स एक्सबॉक्स वनच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या जुन्या गेमच्या यादीत असलेल्या ३६० च्या डिस्कपण घेतो, स्विच २ जुनी स्विच कार्डं घेतो. सिरीज एसला मात्र मागाहून ड्राइव्ह जोडता येत नाही, त्यामुळे तिथे आज घेतलेला निर्णय शेवटपर्यंतचा.

सेकंडहँड डिस्क घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. बॉक्समध्ये बोनसचा कोड असेल तर तो वापरलेला आहे असंच धरून चाला. डिस्क कुठल्या रीजनची, म्हणजे जगाच्या कुठल्या भागासाठी काढलेली आहे ते बॉक्सवर बघा, गेम चालेल पण डीएलसी (गेमचा वेगळा मिळणारा जादा भाग) त्याच रीजनच्या स्टोअरचा लागतो आणि तुमचं अकाउंट वेगळ्या रीजनचं असेल तर तो लागू होत नाही. आणि घ्यायच्या आधी नेटवर शोधा की त्या गेमची डिस्क नेट बंद ठेवून पूर्ण खेळता येते का, डझ इट प्ले नावाचा गट नेमकं हेच तपासून यादी ठेवतो, दोन मिनिटांचं काम आहे.